लाचेची पावती कुणी लिहीत नाही

प्रश्न : ‘गोपनीय कागदपत्रं फुटली’, ‘पत्रव्यवहार उघड’ अशा बातम्या नेहमी येतात. बडे उद्योगपती, बँका आणि सरकार यांचं साटंलोटं बाहेर आलं, असं म्हटलं जातं. पण ‘एवढे पैसे घ्या आणि हे काम करा’ असं लिहिलेला एकही कागद मी आजवर पाहिला नाही. मग या कागदांतून सिद्ध काय होतं? आणि कागद फुटल्यामुळे मंत्र्यालाच घरी जावं लागलं, असं आपल्याकडे कधी झालं आहे का?
– आयुर्विमा महामंडळातून निवृत्त झालेले एक वाचक, मिरज

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. तसा कागद सापडत नाही, कारण तो लिहिलाच जात नाही. घेणारा पावती देत नाही आणि देणारा मागत नाही. फुटलेल्या कागदात शोधायचं असतं ते दुसरंच. निर्णय कोणत्या वाटेने गेला? रोजची वाट कुठे सोडली? ज्याला विचारायलाच हवं होतं, असा कोण वगळला गेला? आणि घाई सुरू झाली ती कोणत्या तारखेला? एवढं कळलं तर पैसा हातात पडताना दिसला नाही, तरी त्याचा भार फाइलवर कुठे पडला ते दिसतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर तुमच्याच कचेरीतलं आहे. १९५७-५८ चं मुंदडा प्रकरण तुम्ही नोकरीत लागलात तेव्हा जुन्या लोकांच्या तोंडून ऐकलं असेलच. पण आता ते नुसतं नावाने उरलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आकाशवाणीवर बोलले आणि देशातल्या खासगी आयुर्विमा कंपन्यांचा कारभार सरकारच्या ताब्यात गेला. अध्यादेशाची तयारी अगदी गुपचूप झाली होती. कंपन्यांना सुगावा लागला असता, तर तिजोऱ्या रिकाम्या व्हायला वेळ लागला नसता. या घोषणेच्या महिनाभर आधी काँग्रेसचेच खासदार फिरोझ गांधी यांनी लोकसभेत रामकृष्ण दालमिया यांच्या भारत इन्शुरन्स कंपनीचे व्यवहार चव्हाट्यावर आणले होते. विमेदारांनी पोटाला चिमटा काढून भरलेले हप्ते मालकाच्या इतर उद्योगांत कसे वळवले जातात, हे त्यांनी दाखवून दिलं होतं. १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं, तेव्हा देशमुख मंत्रिमंडळात नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी जुलैतच राजीनामा दिला होता, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्यांच्या जागी टी. टी. कृष्णमाचारी आले.

विमेदाराच्या पैशाला कुणा शेठजीचा हात लागू नये, यासाठी जी संस्था काढली, तिचा पहिला वाढदिवसही झाला नव्हता. २४ जून १९५७ रोजी तिने एकाच व्यक्तीशी निगडित असलेल्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. ती व्यक्ती म्हणजे कलकत्त्याचे हरिदास मुंदडा.

मुंदडांची सुरुवात विजेचे दिवे विकण्यापासून झाली, असं सांगतात. इंग्रज मालक गाशा गुंडाळत होते तो काळ. त्यांच्या जुन्या नामांकित कंपन्यांचे शेअर उचलायचे, ते गहाण ठेवून कर्ज काढायचं, त्या कर्जातून पुढची कंपनी घ्यायची, असा त्यांचा खाक्या. कलकत्त्याची जेसप, कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लॅम्प्स, अँजेलो ब्रदर्स आणि आपल्या भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास, ही ती सहा नावं. १९५७ च्या उन्हाळ्यात ही माडी डुगडुगत होती. बँकांची देणी थकली होती आणि बाजारात त्यांच्या नावाभोवती बनावट शेअरची कुजबुज होती. त्यातच त्या वर्षीच्या अंदाजपत्रकाने संपत्तीकरासारखे नवे कर आणले आणि शेअर बाजार घसरला. म्हणजे मुंदडांना रोकड हवी होती आणि ती लगेच हवी होती.

आता वाट कुठे सोडली ते पाहा. महामंडळाचा पैसा कशात गुंतवायचा हे ठरवायला गुंतवणूक समिती होती. बाजारातली जाणती माणसं तिच्यावर होती आणि मुंदडांचा लौकिक त्यांना चांगला माहीत होता. एवढ्या मोठ्या खरेदीआधी त्या समितीला विचारलंच गेलं नाही. प्रस्ताव मुंदडांकडून आला, तो अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल यांच्याकडे. तिथून महामंडळाचे अध्यक्ष जी. आर. कामत आणि व्यवस्थापकीय संचालक एल. एस. वैद्यनाथन यांच्याकडे विषय गेला आणि दोन-चार दिवसांत सौदा पुरा झाला. कोणते शेअर विकायचे हे विकणाऱ्यानेच सुचवलं होतं. विमेदाराच्या पैशाने काय घ्यावं याची यादी मुंदडांनी दिली, असं म्हटलं तरी चालेल.

लोकसभेत यावर प्रश्न आले, तेव्हा अर्थखात्याची उत्तरं गोलमाल होती. मग १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोझ गांधी बोलायला उभे राहिले. अर्थमंत्री आणि त्यांचे प्रधान सचिव यांच्यातला गोपनीय पत्रव्यवहार त्यांच्या हाती लागला होता. तो कोणी दिला हे त्यांनी सांगितलं नाही. सभागृहात त्यांनी आरडाओरडा केला नाही. तारखा वाचल्या, भाव वाचले. सौद्याच्या आधीच्या काही दिवसांत यातल्या काही शेअरचे भाव कसे चढत गेले, हे आकड्यांनिशी मांडलं. बोलणारा सत्ताधारी पक्षाचा, त्यातून पंतप्रधानांचा जावई, त्यामुळे सरकारी बाकांची किती पंचाईत झाली असेल याची कल्पना करा. विरोधकांनी केलेला आरोप म्हणून ते झटकता येईना.

इथे एका छोट्या कायद्याची आठवण ठेवली पाहिजे, कारण त्याच्याशिवाय ते भाषण सभागृहाच्या भिंतींतच राहिलं असतं. खासदाराला संसदेत बोलण्याचं संरक्षण होतं, पण ते छापणाऱ्या वर्तमानपत्राला नव्हतं. बदनामीच्या खटल्याच्या धाकाने संपादक हात आखडता घेत. फिरोझ गांधींनी खासगी विधेयक आणून १९५६ मध्ये हे बदलून घेतलं. संसदेच्या कामकाजाचा प्रामाणिक वृत्तान्त छापणाऱ्याला त्याने संरक्षण मिळालं. मुंदडा प्रकरणात त्याच संरक्षणाच्या आडोशाने वर्तमानपत्रांनी मजकूर छापला. पुढे आणीबाणीत तो कायदा रद्द झाला आणि १९७७ मध्ये पुन्हा आला. रद्द करणाऱ्या पंतप्रधान त्यांच्याच पत्नी होत्या. तोवर फिरोझ गांधींना जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली होती.

सरकारने चौकशी नेमली ती मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम चागला यांची, एकट्याची. जानेवारी १९५८ मध्ये मुंबईत सुनावणी सुरू झाली. चागलांनी ती खुली ठेवली. गर्दी इतकी लोटली की बाहेर लाउडस्पीकर लावावे लागले. अर्थमंत्री, सचिव, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार, स्टेट बँकेचे अध्यक्ष पी. सी. भट्टाचार्य असे मातब्बर एकामागून एक साक्षीला येत होते. रस्त्यावर उभ्या असलेल्या कारकुनाला आपल्या हप्त्याचं काय झालं ते मंत्र्याच्या तोंडून ऐकू येत होतं. चौकशी खुली ठेवल्याबद्दल नेहरू नाराज होते. माझ्या मते चागलांचं सगळ्यात मोठं काम तेच होतं. अहवाल कपाटात ठेवता येतो, लोकांनी कानांनी ऐकलेली साक्ष कुठे ठेवणार?

बचाव काय होता? कलकत्त्याचा बाजार कोसळत होता, त्याला आधार द्यायचा होता, असं सांगण्यात आलं. चागलांना ते पटलं नाही. बाजार सावरायचा असेल तर बाजारातून, नाना प्रकारचे शेअर घ्यावे लागतात. एका माणसाकडून त्याचेच शेअर घेऊन त्या माणसाला आधार मिळतो, बाजाराला नव्हे. मंत्री म्हणाले, तपशील मला ठाऊक नव्हता. सचिव म्हणाले, मंत्र्यांची तोंडी संमती होती. चागलांनी महिन्याच्या आत, १० फेब्रुवारी १९५८ रोजी अहवाल दिला आणि त्यात घटनेच्या तत्त्वावर बोट ठेवलं: सचिवाने केलं ते मंत्र्याने केलं, मंत्र्याला सचिवाच्या मागे लपता येणार नाही. कृष्णमाचारींनी राजीनामा दिला. भाषणापासून राजीनाम्यापर्यंत फार तर दोन महिने. त्या वर्षीचं अंदाजपत्रक नेहरूंना स्वतः मांडावं लागलं.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो. चागला अहवालात लाच सिद्ध झाली का? नाही. कृष्णमाचारींनी एक पै घेतल्याचंही कुणी दाखवलं नाही. सिद्ध झालं ते एवढंच की नेहमीची वाट मोडली गेली, ती एका माणसाच्या सोयीसाठी मोडली गेली आणि मोडणारे अर्थखात्याच्या माथ्यावर बसलेले होते. मंत्र्याने जाण्यासाठी एवढं पुरेसं होतं, असं तेव्हा सगळ्यांनी मानलं. आज पुरेसं मानलं जाईल का, हे तुम्हीच ठरवा.

पैशाचा धागा नंतर आला, आणि ही गोष्ट फार कमी सांगितली जाते. अधिकाऱ्यांच्या वर्तनाची पुढची चौकशी न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या मंडळाकडे गेली. बोस म्हणजे आपल्या नागपूर उच्च न्यायालयाचे एकेकाळचे मुख्य न्यायमूर्ती. निवडणुकीच्या सुमारास मुंदडांनी काँग्रेसला दिलेल्या अडीच लाख रुपयांच्या देणगीचा विषय या मंडळासमोर निघाला, आणि मंडळाने देणगी व खरेदी यांचा संबंध जोडला. नेहरू इतके संतापले की पत्रकार परिषदेत त्यांनी बोस यांच्या बुद्धीचाच उद्धार केला. वकीलवर्गात त्यावर ओरड झाली आणि नेहरूंनी बोस यांची लेखी क्षमा मागितली. पंतप्रधानाने न्यायाधीशाची क्षमा मागावी, हेही त्या काळाचं मोठेपण. पण मंडळाचा निष्कर्ष सरकारने उचलून धरला नाही. पटेल सनदी नोकरीतून गेले आणि वीस वर्षांनी, १९७७ मध्ये, मोरारजींच्या मंत्रिमंडळात स्वतःच अर्थमंत्री झाले. कृष्णमाचारीही काही वर्षांत परत आले आणि पुन्हा अर्थमंत्री झाले. मुंदडांना मात्र शिक्षा भोगावी लागली.

देणगीचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक सांगतो. चागलांसमोर १९५७ मध्येच दुसरं एक प्रकरण आलं होतं. टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल हवा होता आणि एका भागधारकाचा त्याला विरोध होता. कायदा आडवा येत नव्हता, म्हणून चागलांनी परवानगी दिली. पण निकालात त्यांनी निक्षून बजावलं की कंपन्यांचा पैसा पक्षांकडे वाहू लागला तर हा धोका वाढत जाईल आणि एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळेल. संसदेने वेळीच लक्ष घालावं. काही महिन्यांनी त्याच न्यायाधीशापुढे मुंदडा प्रकरण यावं, हा योगायोग कादंबरीत शोभला नसता. संसदेने लक्ष घातलं, पण तिचा हात कधी आवळायचा, कधी सैल व्हायचा. १९६० मध्ये देणग्यांवर मर्यादा आली, १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदीच आली, १९८५ मध्ये ती उठली आणि नफ्याच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत मुभा मिळाली. २०१७ मध्ये ती टक्केवारीही गेली आणि देणगीदाराचं नाव झाकणारे निवडणूक रोखे आले.

रोख्यांच्या बाबतीतला कागद फुटलेला नाही, माहिती अधिकारात मागून मिळवलेला आहे. पण वाचायची रीत तीच. २८ जानेवारी २०१७, शनिवार, अर्थखात्याने रिझर्व्ह बँकेला मत विचारलं. सोमवारी, ३० तारखेला, बँकेने कळवलं: कल्पना चुकीची आहे, हे रोखे हातोहात फिरून चलनासारखे वापरले जातील, पैशाची धुलाई होईल. त्यावर महसूल सचिवांचा शेरा असा, की वित्त विधेयक छापून झालं आहे आणि सल्ला उशिरा आला. १ फेब्रुवारीला अंदाजपत्रक मांडलं गेलं. या कागदांत कुठेही कुणा उद्योगपतीचं नाव नाही. तरीही शनिवारी विचारलेला प्रश्न आणि आधीच छापून झालेलं विधेयक या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की विचारणा कशासाठी होती ते कळतं. सर्वोच्च न्यायालयाने ही योजना १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवली. तोपर्यंत सोळा हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले होते, आणि कुणी किती घेतले, कुणाला दिले हे मतदाराला कळायला न्यायालयाचा आदेश लागला.

प्रश्न : चोरलेला किंवा फुटलेला कागद कोर्टात पुरावा म्हणून चालतो का? सरकार तर गोपनीयतेचा कायदा पुढे करतं.
– कायद्याची एक विद्यार्थिनी, औरंगाबाद

उत्तर : आपल्याकडे चालतो. पुरावा विषयाशी संबंधित आहे की नाही, हे न्यायालय पाहतं. तो कसा मिळाला म्हणून तेवढ्यावरून नाकारत नाही. १९७४ च्या पूरणमल खटल्यापासून हे तत्त्व पक्कं आहे. राफेल विमानांच्या खरेदीसंबंधीचे संरक्षण खात्यातले कागद ‘द हिंदू’ने छापले आणि आधीच्या निकालाच्या फेरविचारासाठी ते न्यायालयापुढे आले, तेव्हा सरकारने १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याचा आधार घेऊन ते बघूच नयेत असा आग्रह धरला. सर्वोच्च न्यायालयाच्या तिघा न्यायमूर्तींनी १० एप्रिल २०१९ ला तो आग्रह एकमताने फेटाळला. माहिती अधिकाराच्या कायद्यातही गुपितापेक्षा लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते, अशी तरतूद आहे, तिचाही उल्लेख झाला. मात्र पुढचं पाऊल विसरू नका. कागद बघून झाल्यावर, नोव्हेंबरमध्ये, फेरविचाराच्या त्या याचिका न्यायालयाने फेटाळल्या. कागद दारातून आत आला म्हणजे दावा जिंकला, असं होत नाही.

फोडणाऱ्याला संरक्षण किती, हा वेगळा आणि वाईट विषय आहे. बोफोर्स तोफांच्या प्रकरणात पत्रकार चित्रा सुब्रमण्यम यांना कागद पुरवणारे स्वीडनचे पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम यांनी आपलं नाव उघड केलं ते २०१२ मध्ये. स्वीडिश रेडिओने पहिली बातमी दिली होती १९८७ च्या एप्रिलमध्ये. पंचवीस वर्षं त्या माणसाने तोंड बंद ठेवलं.

प्रश्न : पनामा पेपर्सचा एवढा गाजावाजा झाला. पण त्यात सरकारवर पैशाचा प्रभाव कुठे होता? ती तर कर चुकवण्याची भानगड होती ना?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : बरीचशी तीच होती. मोसाक फोन्सेका या पनामातल्या कायदा सल्लागार कंपनीचे एक कोटी पंधरा लाख कागद एका अनामिकाने जर्मनीच्या ‘झ्युडडॉयचे त्सायटुंग’ला दिले आणि ३ एप्रिल २०१६ ला जगभरच्या पत्रकारांनी एकदम बातम्या दिल्या. पण एका ठिकाणी मात्र तुम्ही म्हणता तो प्रभाव चक्क घरातच निघाला. ते आइसलँड.

२००८ मध्ये आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका आठवड्याभरात बुडाल्या. त्यांचे देणेकरी, म्हणजे ज्यांचे पैसे बँकांत अडकले होते ते, आणि देशाचं सरकार यांच्यात पुढे कित्येक वर्षं घासाघीस चालली. २०१३ मध्ये सिगमुंदुर डेव्हिड गुन्लाउगसोन पंतप्रधान झाले ते याच देणेकऱ्यांशी कडक वागू, असं सांगून. फुटलेल्या कागदांत ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरची विंट्रिस नावाची कंपनी निघाली. ती या पंतप्रधानांची आणि त्यांच्या पत्नीची होती, आणि बुडालेल्या बँकांकडून पैसे येणं असलेल्यांत तीही होती. टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच घर.

आणि तारीख बघा. गुन्लाउगसोन यांनी आपला निम्मा हिस्सा पत्नीला एका डॉलरला विकला, तो ३१ डिसेंबर २००९ ला. खासदारांनी अशी मालकी जाहीर करावी हा नियम लागू होणार होता १ जानेवारी २०१० ला. कर बुडवला नाही, कायदा मोडला नाही, असं ते म्हणत राहिले. पण स्वीडनच्या टीव्हीवरच्या मुलाखतीत कंपनीचं नाव निघताच ते उठून गेले, रेक्याविकच्या संसदेसमोर हजारो माणसं जमली आणि दोन दिवसांत त्यांना पायउतार व्हावं लागलं. देश छोटा असला की असं झटपट होतं.

पाकिस्तानात पंतप्रधान नवाझ शरीफ यांना २०१७ मध्ये अपात्र ठरवलं गेलं, तेही याच कागदांच्या धक्क्याने, पण शेवटचं कारण निघालं दुबईतल्या कंपनीचं न जाहीर केलेलं वेतन. त्या चौकशीत एक गमतीदार प्रकार झाला. २००६ ची तारीख घातलेला दस्तऐवज ‘कॅलिब्री’ टंकात छापलेला होता, आणि तो टंक सर्रास वापरात आला २००७ मध्ये. बनावट करणाऱ्याने तारखेचा विचार केला, अक्षराचा नाही.

प्रश्न : ओबामांचं मंत्रिमंडळ एका बँकेने ठरवलं आणि त्याचा ईमेल फुटला, असं आमचा मुलगा सांगतो. तो अमेरिकेत असतो. हे खरं आहे का?
– एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : ईमेल खरा आहे, त्याचा लावलेला अर्थ तेवढा खरा नाही. ६ ऑक्टोबर २००८ ला, म्हणजे निवडणुकीच्या महिनाभर आधी, मायकेल फ्रोमन यांनी ओबामांच्या संभाव्य सरकारची तयारी पाहणारे जॉन पोडेस्टा यांना संभाव्य मंत्र्यांची नावं पाठवली. फ्रोमन तेव्हा सिटीग्रुपमध्ये होते आणि पत्ताही बँकेचाच वापरला होता. त्या यादीतली बरीच नावं पुढे खरोखर मंत्रिमंडळात दिसली. त्याच हिवाळ्यात सिटीग्रुपला सरकारी तिजोरीतून ४५ अब्ज डॉलरचा आधार मिळाला, हेही खरं.

पण फ्रोमन हे ओबामांचे हार्वर्डमधले वर्गमित्र, आणि नव्या सरकारच्या तयारीच्या कामात ते सामील होते. यादी बँकेने धाडली, असं त्या कागदावरून म्हणता येत नाही. आधार देण्याचा निर्णयही बुश सरकारच्या काळातला. म्हणून मी तुमच्या मुलाइतका ठाम होणार नाही. मात्र एक गोष्ट मला त्या ईमेलमध्ये जास्त बोचते: बँकेच्या पत्त्यावरून देशाचं मंत्रिमंडळ सुचवताना त्या माणसाला जराही अवघडल्यासारखं झालेलं दिसत नाही. त्या वर्तुळात ते रोजचंच होतं. लाच द्यायची वेळ तिथे येतच नाही, कारण बँकेतला आणि सरकारातला माणूस एकाच वर्गात शिकलेले असतात आणि आलटून पालटून एकमेकांच्या खुर्चीवर बसतात. फ्रोमनही पुढे ओबामांचे व्यापार प्रतिनिधी झाले.

आणखी एक. हा ईमेल बाहेर आला २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, विकिलीक्सकडून, त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या ऐन तोंडावर. पोडेस्टा यांच्या खात्यात रशियाच्या लष्करी गुप्तचरांनी शिरकाव केला, असं आरोपपत्र अमेरिकेत २०१८ मध्ये दाखल झालं. फोडणाऱ्याचा हेतू वाईट असला म्हणून कागद खोटा ठरत नाही, पण शंभरातला कोणता कागद आपल्यासमोर ठेवला आणि कोणता मागे ठेवला, हे त्या हेतूवरच ठरतं. फिरोझ गांधींनी मिळालेला कागद सभागृहात वाचला, तिथे मंत्र्याला उत्तर द्यायची संधी होती आणि पुढे उलटतपासणी झाली. इथे ती सोय नव्हती.

प्रश्न : यातलं मूळ काही आम्हाला वाचायला मिळेल का?
– वाचनालयाच्या एक कार्यकर्त्या, चिपळूण

उत्तर : मिळेल, आणि बहुतेक फुकट. लोकसभेतल्या जुन्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. १६ डिसेंबर १९५७ ची चर्चा काढा. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, पण आकडे कळायला अडचण नाही. चागलांनी ‘रोझेस इन डिसेंबर’ या आत्मचरित्रात या चौकशीबद्दल मोकळेपणाने लिहिलं आहे. मोठ्या वाचनालयांत ते असतं. निवडणूक रोख्यांच्या याद्या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत, घेणाऱ्यांची वेगळी आणि पक्षांची वेगळी. रोख्याचा क्रमांक जुळवला की जोडी लागते. पनामाच्या कागदांतल्या कंपन्यांची नावं शोध पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने शोधता येतील अशी ठेवली आहेत. वाचनालयात चार तरुण मंडळी जमत असतील तर रोख्यांपासून सुरुवात करा. एकाने क्रमांक वाचावा, दुसऱ्याने शोधावा. संध्याकाळ कशी गेली ते कळणार नाही. पण तारखेचा रकाना सोडू नका.